अनुदानाचे रकाने आणि आमची गाणी

पुस्तकांची परीक्षणे होतात, नाटकांची होतात, संमेलनाध्यक्षांच्या भाषणांवर तर वर्षभर वाद चालतात. परंतु कला आणि साहित्यासाठी असलेल्या अनुदान योजनांचे नियम कुणी समीक्षेच्या नजरेने वाचत नाही. ते काम कारकुनाचे, असे आपण धरून चाललो आहोत. आमचे म्हणणे वेगळे आहे. कला कशाला म्हणावे, कलावंत कुणाला म्हणावे आणि तो कलावंत आहे हे सिद्ध कसे व्हावे, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक नियमावलीत दिलेली असतात. समीक्षकाचे मत पटले नाही तर लेखक त्याला उत्तर देऊ शकतो. नियमावलीच्या मताला उत्तर देण्याची सोय नसते, अर्ज बाद होतो एवढेच. म्हणून या लेखात आम्ही काही योजना ग्रंथासारख्या वाचून पाहणार आहोत. लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळसारख्या लहान तालुक्याच्या ठिकाणी आम्ही उर्दू माध्यमात शिकवतो. वाचनाची आमची जागा तीच राहील.

महाराष्ट्रात हा प्रश्न नवा नाही. पेशवाईत ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजांनी कमी-अधिक प्रमाणात चालू ठेवली होती. १८४९ मध्ये पुण्यातील सुधारकांनी अर्ज केला की, या रकमेतून मराठीत चांगली पुस्तके लिहिणाऱ्यांना बक्षिसे द्यावीत. जोतीराव फुले या मागणीच्या बाजूने उभे राहिले. पुढे याच जोतीरावांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले. ते नाकारले गेले. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी नंतर नमूद केले आहे. हे नाटक छापून वाचकांपुढे यायला १९७९ साल उजाडले. ज्यांनी निधी मराठी लेखकांसाठी खुला व्हावा म्हणून बळ दिले, त्यांच्याच मराठी नाटकाला त्या निधीचा दरवाजा बंद राहिला. भाषा एक होती, गाव एक होते. आडवी आली ती कमिटीची रचना.

आता दुसरे उदाहरण आमच्या बाजूचे. निलंगा-उदगीरचा हा परिसर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होता. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १९३२ पासून ११ वर्षे दरसाल १००० रुपये मंजूर केले. तेथील अतिथिगृहासाठीही त्यांनी रक्कम दिली आणि ते निजामाच्याच नावाने ओळखले जाते. मुस्लिम राज्यकर्त्याने महाभारताच्या संशोधनाला मदत केली, ही गोष्ट आपल्या सभासंमेलनांत वारंवार सांगितली जाते आणि ती सांगायलाच हवी. परंतु त्याच संस्थानात मराठी शाळांना आणि वाचनालयांना काय सोसावे लागले, हेही मराठवाडा विसरलेला नाही. पुण्याच्या विद्वानांना औदार्य दिसले, निलंग्याच्या मराठी पोराला दिसले नाही. आश्रयदाता हिंदू की मुसलमान, एवढ्यावर आश्रयाची परीक्षा होत नाही. पैसा दिसेल अशा मोठ्या ठिकाणी जातो की घराजवळच्या लहान माणसापर्यंत पोहोचतो, हे पाहावे लागते.

या दोन कसोट्या घेऊन आजच्या व्यवस्थेकडे येऊ. मराठीसाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ १९६० पासून आहे. नवलेखकाच्या पहिल्या पुस्तकाला ते अनुदान देते. मराठवाडा साहित्य परिषद १९४३ पासून काम करते आणि तिच्यासारख्या विभागीय संस्थांना शासनाचे वार्षिक अनुदान मिळते. उर्दूसाठी १९७५ मध्ये राज्याची उर्दू साहित्य अकादमी स्थापन झाली. दिल्लीची उर्दू भाषा विकास परिषदही पुस्तकांना, चर्चासत्रांना साह्य देते. कागदावर पाहिले तर मराठवाड्यातल्या मुसलमान लेखकाला दोन दोन दरवाजे उघडे आहेत. मग अडचण काय?

अडचण रकान्यांची आहे. दोन्ही दरवाजे भाषेच्या नावाने उघडतात आणि आमच्या घरात बोलली जाते ती दखनी. आमच्या वर्गातील मुले पाठ्यपुस्तकातली उर्दू वाचतात, मराठीच्या तासाला मराठी वाचतात आणि घरी जाऊन आजीशी दखनीत बोलतात. उर्दूवाल्यांना ही अशुद्ध उर्दू वाटते, मराठीवाल्यांना ती ‘मुसलमानांची उर्दू’ वाटते. वली आणि सिराज औरंगाबादी हे याच दक्षिणेच्या मातीतले कवी, हे दोघेही अभ्यासक्रमात शिकवतात. पण त्या मातीत आज जे गायले जाते त्याला कुठल्याच योजनेत स्वतंत्र रकाना नाही. मोहरमच्या सवारीपुढे म्हटली जाणारी गाणी घ्या. त्यांत करबलाचा शोक आहे, ओळीच्या ओळी मराठी आहेत, मध्येच दखनी येते आणि म्हणणाऱ्यांत हिंदूही असतात. अशा गाण्यांचा संग्रह कुणी केला तर तो मराठीच्या नवलेखक योजनेत पाठवावा की उर्दू अकादमीकडे? मंडळ मराठी हस्तलिखित मागणार, अकादमी उर्दू. गाण्याला आपण नक्की कोणत्या भाषेत आहोत हे ठाऊक नाही, कारण म्हणणाऱ्यांना तो प्रश्न कधी पडला नाही. तो अर्जाने पाडला.

दुसरी योजना कलावंताच्या पोटाशी संबंधित आहे. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची राज्याची योजना १९५४-५५ पासूनची आहे. तिच्यात कलावंतांचे राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक असे तीन वर्ग होते आणि शेवटच्या काळात त्यांना अनुक्रमे ३१५०, २७०० आणि २२५० रुपये महिना मिळे. २०२४ मध्ये शासनाने हे वर्ग काढून टाकले, सर्वांना सरसकट ५००० रुपये केले आणि योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव दिले. हा निर्णय आम्हाला रकमेपेक्षाही विचारासाठी महत्त्वाचा वाटतो. स्थानिक म्हणजे खालचा, ही समजूत सत्तर वर्षांनी नियमातून गेली. ज्याचा आवाज चार गावांपलीकडे गेला नाही, त्याचे वार्धक्य स्वस्त असते असे मानण्याचे काही कारण नव्हते.

पण बाकीची अट वाचा. वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत हवे. महिन्याचे झाले ५०००, म्हणजे मानधनाइतकेच. हातावर पोट असलेल्या म्हाताऱ्या वादकाने मजुरी करून दरमहा साडेपाच हजार मिळवले तर तो योजनेच्या दृष्टीने गरजू राहत नाही. वय ५० हवे, कलेची १५ वर्षांची सेवा हवी आणि त्या सेवेचे पुरावे हवेत. पुरावा म्हणजे वर्तमानपत्रातील कात्रण, प्रमाणपत्र, सन्मानपत्र, मान्यवराचे किंवा संस्थेचे शिफारसपत्र. गावातला शिक्षक म्हणून असे अर्ज भरून देण्याचे काम आमच्याकडे येते. उर्सात चाळीस वर्षे कव्वाली म्हणणाऱ्या माणसाला आम्ही विचारतो, “चाचा, काही कागद आहे का?” तो म्हणतो, “सर, गावाला विचारा ना.” त्याचे म्हणणे खरे आहे. त्याच्या कलेचा पुरावा गाव आहे. परंतु गाव अपलोड करता येत नाही.

कव्वालाचे निदान नाव तरी होते. बायकांचे काय? पूर्वीच्या हैदराबाद संस्थानाच्या सगळ्या मुलखात लग्नघरी बायका ढोलकवर गीते म्हणतात. हळदीची, मेंदीची, विहीणबाईंची थट्टा करणारी. ही गीते रचणाऱ्या, पाठ ठेवणाऱ्या आणि पुढच्या पिढीला देणाऱ्या बाईला कुणी प्रमाणपत्र दिलेले नाही, तिचे नाव पत्रिकेत छापलेले नाही. तिने बिदागी घेतली नाही म्हणून ती व्यावसायिक नाही, मंचावर गेली नाही म्हणून कलावंत नाही. आमच्या मते मराठवाड्यातील मुस्लिम समाजाच्या मौखिक वाङ्मयाचा मोठा भाग या बायकांच्या तोंडी आहे आणि योजनेच्या वाचनात त्याची नोंद शून्य आहे. उच्च समीक्षेने ओव्यांना वाङ्मय मानायला फार वर्षे घेतली होती. नियमावली अजून त्याच्याही अलीकडे उभी आहे.

केंद्र शासनाची सांस्कृतिक फेलोशिप याहून मोठी आहे. ज्येष्ठ गटाला महिना २० हजार आणि कनिष्ठ गटाला १० हजार, दोन वर्षांसाठी. यासाठी मात्र प्रकल्पाचा आराखडा लिहावा लागतो. ज्याला गाता येते त्याला आराखडा लिहिता येत नाही, आणि ज्याला आराखडा लिहिता येतो तो गाणाऱ्याकडे एकदा जाऊन टिपणे घेऊन येतो. फेलोशिप कुणाला मिळेल हे सांगायला ज्योतिषी नको.

उदगीर आमच्या शेजारचे. एप्रिल २०२२ मध्ये तेथे ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली झाले आणि त्याच सुमारास तेथेच गणेश विसपुते यांच्या अध्यक्षतेखाली सोळावे विद्रोही साहित्य संमेलनही झाले. पहिल्याला शासनाचे अनुदान होते. दुसऱ्याने मूठभर धान्य आणि एक रुपया अशी लोकवर्गणी मागितली. तेव्हा अखिल भारतीय संमेलनाला ५० लाख मिळत. अमळनेरच्या ९७ व्या संमेलनापर्यंत, म्हणजे २०२४ मध्ये, ही रक्कम २ कोटींवर गेली. साधा भागाकार केला तर २ कोटींत ३३३ वृद्ध कलावंतांचे वर्षभराचे मानधन होते. संमेलने बंद करा असे आम्ही म्हणत नाही. उदगीरच्या संमेलनामुळे आमच्या भागातील मुलांनी लेखक प्रत्यक्ष पाहिले, हे मोल लहान नाही. पण तीन दिवसांच्या मांडवाला पैसे देताना कुणी १५ वर्षांची कात्रणे मागत नाही. गाणाऱ्याला मात्र मागितली जातात.

यावर आपल्यातीलच काही मित्र म्हणतात, शासनाचा पैसा नकोच, लेखणी मिंधी होते. ही भीती खोटी नाही. डिसेंबर २०२२ मध्ये कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’च्या अनघा लेले यांनी केलेल्या अनुवादाला राज्याचा पुरस्कार जाहीर झाला आणि सहा दिवसांत शासनाने तो रद्द केला, निवड समितीही बरखास्त केली. निषेध म्हणून काही साहित्यिकांनी शासकीय समित्यांचे राजीनामे दिले. १८५५ मध्ये कमिटीने लेखकाला नाकारले. २०२२ मध्ये कमिटीने स्वीकारले तर शासनाने कमिटीलाच नाकारले. पण यातून पैसा नाकारावा असे निष्पन्न होत नाही. तो जनतेचा कर आहे, आमच्या कव्वालाच्या काडेपेटीवरचासुद्धा. निष्पन्न होते ते एवढेच की निर्णय समितीचा असावा, कारणांसह छापलेला असावा आणि तो मंत्रालयातून एका आदेशाने पुसता येऊ नये. शिवाय स्वाभिमानाने नकार देणे त्याला परवडते ज्याला पगार आहे. आम्हा मास्तर लोकांना ते सोपे आहे, ढोलकवालीला नाही.

शासनाला प्रश्न विचारताना आपल्या समाजालाही विचारला पाहिजे. मशिदीच्या मिनारासाठी चंदा होतो, उर्साला रोषणाई होते, मुशायऱ्याला बाहेरून शायर येतात आणि त्यांना मानाने लिफाफे दिले जातात. त्याच रात्री गावातला शायर खुर्च्या लावत असतो. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. तेव्हापासून मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानांची पुस्तके विकत घेणारी किती मुस्लिम घरे, किती उर्दू शाळांची ग्रंथालये आपल्याला दाखवता येतील? शासनाने आमची दखल घ्यावी असे म्हणताना आम्ही एकमेकांची घेतो का, हा प्रश्न टाळता येणार नाही.

आमच्या मागण्या फार मोठ्या नाहीत. कलेचा पुरावा म्हणून ग्रामसभेचा ठराव आणि पाच-दहा जाणत्या गावकऱ्यांची लेखी साक्ष ग्राह्य धरावी. ज्याला लिहिता येत नाही त्याचे गाणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून अर्जाला जोडता यावे. मराठी आणि उर्दू या दोन्ही संस्थांनी दखनीसाठी आणि मिश्र भाषेतील मौखिक वाङ्मयासाठी एकत्र योजना करावी, म्हणजे ‘हे आमचे नाही’ असे दोघांनाही म्हणता येणार नाही. बंगळुरूची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही १९९३ मध्ये स्थापन झालेली खाजगी संस्था भारतीय भाषांतून अर्ज स्वीकारते. एका संस्थेला जे जमते ते राज्याला जमू नये असे काही नाही.

तोवर आम्ही शाळांनी एक काम करण्यासारखे आहे. मुलांनी आजीकडून गीत ऐकून वहीत उतरवावे, एका पानावर उर्दू लिपीत, समोरच्या पानावर देवनागरीत, खाली आजीचे नाव, गाव आणि तारीख. मुलांना दोन्ही लिप्यांचा सराव होईल. दहा शाळांनी दहा वर्षे हे केले तर कोणत्याही कात्रणापेक्षा भक्कम दस्तऐवज तयार होईल. ती वही पुरावा म्हणून टेबलावर ठेवली, तर समोरच्या अधिकाऱ्याने ती उघडून वाचावी, एवढी तरतूद नियमात असली पाहिजे.