दिवा नेमकं काय सांगतो?

डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं 'द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज' हे पुस्तक १९८८ साली थोड्या वेगळ्या नावानं प्रथम निघालं. सुधारित आवृत्ती २०१३ची. दारं, नळ, शेगड्या यांपासून अणुवीजकेंद्राच्या नियंत्रण फलकापर्यंतच्या वस्तू त्यात येतात. त्याचं मुख्य म्हणणं असं, की यंत्र वापरताना माणसं वारंवार तीच चूक करत असतील, तर दोष माणसात नव्हे, यंत्राच्या रचनेत शोधावा.

एक उदाहरण पाहा. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्रात एक झडप उघडीच अडकली आणि अणुभट्टीतलं पाणी निसटत राहिलं. फलकावरच्या दिव्यावरून मात्र ती बंद झाल्यासारखी दिसत होती. कारण तो दिवा झडपेला जोडलेलाच नव्हता. 'बंद हो' हा विद्युत-संदेश गेला, एवढंच तो सांगत होता. हुकूम सुटणं आणि काम होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे फलक बनवणारे विसरले. ठपका आधी आला तो कामगारांवर!

दुसरं उदाहरण गमतीचं आहे. एका नियंत्रण कक्षात दोन खटके अगदी सारखे दिसत. शेवटी कामगारांनीच त्यांवर बिअरच्या नळाच्या दोन निरनिराळ्या मुठी बसवल्या.

इथवर पुस्तक पटतं. पण त्यातला माणूस बहुधा शिकलेला, शहरी आणि यंत्रासमोर एकटा आहे. संकेत समाजागणिक बदलतात हे नॉर्मनही मान्य करतात. म्हणून हे पुस्तक सातपुड्यातल्या काठीसारख्या गावात नेऊन तपासायला हवं. अक्कलकुवा तालुक्यातलं हे गाव होळीसाठी प्रसिद्ध आहे. घरची बोली पुस्तकी मराठीहून वेगळी. इंग्रजी तर आणखी लांब.

अशा गावातली पिठाची गिरणी किंवा विहिरीवरचा पंप घ्या. तीन फेजच्या स्टार्टरवर हिरवं बटण चालू करण्याचं, लाल बंद करण्याचं. अक्षरं बहुधा इंग्रजी. त्याच पेटीवर लाल, पिवळा, निळा असे तीन दिवे असतात. इथे लाल दिव्याचा अर्थ 'थांबा' नव्हे. त्या फेजला वीज आहे, असा. म्हणजे वीतभर पेटीवर एकाच रंगाचे दोन अर्थ!

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. मोटर चालू असताना एक फेज गेली, तरी ती उरलेल्या दोन फेजवर फिरत राहू शकते. फिरणारी मोटर तुटलेल्या फेजमध्येही दाब निर्माण करते. त्यामुळे तिसरा दिवा मंद का होईना, पेटलेला राहू शकतो. इकडे उरलेल्या फेजमध्ये जास्त प्रवाह वाहतो, वेटोळी तापतात आणि संरक्षक रिले नसेल तर जळतात. दिवा 'वीज आहे' म्हणतो आणि पिकाचं पाणी तुटतं. ही थ्री माइल आयलंडचीच चूक, लहान प्रमाणावर. फरक इतकाच, की इथे चौकशी समिती बसत नाही. 'अडाण्यानं मोटर जाळली' म्हणून विषय संपतो, आणि दुरुस्तीचा खर्च त्याच्याच माथी बसतो.

शिवाय पंपाशी माणूस एकटा नसतो. स्टार्टरपाशी एक, शेताच्या टोकाला दुसरा. पाणी आलं की नाही हे पेटी सांगत नाही, हाक सांगते. पुस्तकात अशा जोडीनं चालणाऱ्या कामाला फारशी जागा नाही.

तरीही शिक्षकांनी ते जरूर वाचावं आणि आठवी-नववीच्या मुलांना एक काम द्यावं. गिरणीवाल्याला विचारून, दुरून आणि कशालाही हात न लावता फलकाचं चित्र काढायचं. प्रत्येक दिव्यासमोर दोन उत्तरं लिहायची: हा काय सांगतो असं वाटतं? आणि प्रत्यक्षात कशाला जोडलेला आहे? जिथे उत्तरं जुळणार नाहीत, तिथे सुधारणेची जागा सापडेल. ती सापडली की 'अडाणी' हा शब्द आपण जरा जपून वापरू.