प्रवासातील भय आणि हास्य

प्रवासात संकट गाठणारे विनोदी चित्रपट आपणांस नवे नाहीत. ‘बॉम्बे टू गोवा’मध्ये (१९७२) खून पाहिलेली तरुणी बसमध्ये चढते आणि मारेकरी तिच्या मागावर असतात. परंतु तेथे भय तिचे आणि हास्य सहप्रवाशांचे, अशी विभागणी होऊन बसते. भज्यांसाठी आक्रंदणाऱ्या मुलाचा प्रसंग गाळला तरी तिच्या जिवावरचे संकट तसूभरही हलत नाही.

सचिन यांच्या ‘नवरा माझा नवसाचा’मध्ये (२००४) मात्र दोहोंचे मूळ एकच आहे. मुलाला विवस्त्र गणपतीपुळ्यास आणण्याचा, मागच्या पिढीने बोललेला नवस फेडावयाचा राहिला आहे. पत्नीला धास्ती देवाची, पतीला लोकलज्जेची. आणि दोघे एसटीने निघालेली. विनोद कोठे कोठे पसरट होतो, हे खरे. तरी त्याखालची धास्ती खोटी वाटत नाही.

कस्तुरबा गांधी मार्गावरील महाराष्ट्र सदनात गावाकडचे कोणी उतरले की पहिला प्रश्न येतो, “यंदा देवाला येणार ना?” रजेच्या अर्जावर बोट ठेवून वर्षानुवर्षे देवाला पुढची तारीख देणाऱ्या आपणांस हा चित्रपट हसवतो, आणि हसता हसता किंचित ओशाळवतोही.