रबराची चादर आता गुंडाळून ठेवूया

गुरुत्वाकर्षणावरचा कुठलाही व्हिडिओ उघडा, पहिल्या दोन मिनिटांत ती येतेच. ताणून बांधलेली रबराची चादर. मधोमध जड गोळा ठेवला की खड्डा पडतो, मग कडेने एक गोटी सोडली की ती गोळ्याभोवती गरगर फिरते. निवेदक म्हणतो, “बघा, सूर्य अवकाशाला असा वाकवतो आणि पृथ्वी त्या वाकलेल्या अवकाशात फिरते.” बघणाऱ्याला एकदम सगळं समजल्यासारखं वाटतं. इथे ब्रिटनमध्ये शाळेच्या मुलांसाठी विद्यापीठांत ‘विज्ञान दिवस’ होतात, तिथेही चादर ठरलेलीच. रबराऐवजी लायक्राची असते एवढाच फरक.

आमच्या पॉडकास्टवर गुरुत्वाकर्षणाचा विषय निघाला की श्रोत्यांचे जे प्रश्न येतात, त्यातले बरेचसे या चादरीतून तरी जन्मलेले असतात, नाहीतर तिच्याबरोबर फिरणाऱ्या दोन वाक्यांतून: ‘गुरुत्वाकर्षण हे सगळ्यात दुबळं बल आहे’ आणि ‘आइन्स्टाइन आणि क्वांटम यांचं जमत नाही’. लोकप्रिय विज्ञानलेखनातली ही तिन्ही चलनी नाणी मला खोटी म्हणायची नाहीत. पण ती इतकी झिजली आहेत की त्यांवर काय छापलं होतं ते आता कुणी वाचत नाही.

आधी चादर. पहिला आक्षेप तुम्ही कदाचित ऐकला असेल: गोटी खड्ड्याकडे घरंगळते ती खालच्या पृथ्वीच्या ओढीमुळे. म्हणजे गुरुत्वाकर्षण समजावायला आपण गुरुत्वाकर्षणच वापरलं. हाच खेळ अंतराळस्थानकात करून बघा, गोटी हलणारसुद्धा नाही. आता मनातल्या मनात चादर उलटी करा, खड्ड्याचा उंचवटा होईल. भूमितीच्या दृष्टीने पृष्ठभाग तोच, त्याची वक्रता तीच, पण गोटी मात्र आता गोळ्यापासून दूर घरंगळेल. वक्रता बदलली नाही आणि परिणाम उलटा झाला, तर परिणाम वक्रतेमुळे होत नव्हता हे उघड आहे.

हे आक्षेप एक वेळ सोडून देता येतील. उपमा आहे, थोडं इकडेतिकडे होणारच. माझी खरी तक्रार दुसरीच आहे. चादर फक्त अवकाश दाखवते, काळ दाखवतच नाही. आणि तुमच्या हातातून सुटलेला आंबा जमिनीवर पडतो तो जवळजवळ पूर्णपणे काळाच्या वाकण्यामुळे.

जरा विचार करा. आंबा हातात स्थिर आहे आणि तुम्ही तो सोडता. अवकाश कितीही वाकलेलं असो, जो हलतच नाही त्याला वळणाची काय फिकीर? रस्ता कितीही नागमोडी असला तरी उभी गाडी वळत नाही. मग आंबा खाली का येतो? कारण अवकाशात तो स्थिर असला तरी काळात ‘चालतो’ आहे, आणि काळाचा वेग सगळीकडे सारखा नाही. जमिनीजवळचं घड्याळ वरच्या घड्याळापेक्षा किंचित हळू चालतं. फरक किती? एक मीटर उंचीला, एकावर सोळा शून्यं एवढ्या भागांतला साधारण १.१ भाग. हसण्यासारखा आकडा आहे. पण त्याला प्रकाशवेगाच्या वर्गाने, म्हणजे मीटर-सेकंदात नऊवर सोळा शून्यं, गुणा. उत्तर येतं ९.८. शाळेत पाठ केलेला हाच तो ‘g’. घड्याळांमधला हा इवलासा फरक म्हणजेच तुमचं वजन. ही गोष्ट मला चादरीपेक्षा कितीतरी अधिक थक्क करणारी वाटते, आणि व्हिडिओंमधून नेमकी हीच गळते.

बरं, हे आता नुसतं कागदावर राहिलेलं नाही. १९६०च्या सुमारास पाउंड आणि रेब्का यांनी हार्वर्डमध्ये साधारण २२.५ मीटर उंचीच्या मनोऱ्यात हा परिणाम मोजला. २०२० साली जपानी संशोधकांनी टोकियो स्कायट्रीच्या पायथ्याशी एक आणि ४५० मीटरवर एक अशी प्रकाशीय घड्याळं ठेवली. वरचं घड्याळ दिवसाला चार नॅनोसेकंदांहून थोडं जास्त पुढे जातं. २०२२ साली अमेरिकेत बोल्डरमध्ये हा फरक एका मिलिमीटरच्या उंचीत दिसला. तुमच्या फोनमधल्या जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवर आहेत. तिथली घड्याळं गुरुत्वामुळे दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे ७ मागे पडतात; राहिले ३८. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटर जातो. हा हिशोब आधीच केलेला असतो म्हणून टॅक्सी तुमच्या दारात येते.

मग अवकाशाचं वाकणं कुठे गेलं? तेही आहे, पण ते जाणवतं वेगाने जाणाऱ्यांना, मुख्य म्हणजे प्रकाशाला. यात इतिहासाचा एक मजेशीर तुकडा आहे. १९११ साली आइन्स्टाइनने सूर्याजवळून जाणारा ताऱ्याचा प्रकाश किती वाकेल याचं गणित केलं, तेव्हा त्याच्या हाती फक्त काळाचा भाग होता. उत्तर बरोबर निम्मं आलं. १९१४च्या ऑगस्टमध्ये ग्रहण बघायला फ्रॉइंडलिश नावाचा जर्मन खगोलशास्त्रज्ञ क्रिमियात पोहोचला, आणि महायुद्ध सुरू झाल्यामुळे रशियनांनी त्याला पकडलं. निरीक्षण झालं नाही. झालं असतं तर आइन्स्टाइनचा आकडा चुकीचा ठरला असता! १९१५ साली अवकाशाची वक्रता हिशोबात आली, आकडा दुप्पट होऊन १.७५ विकला झाला, आणि २९ मे १९१९च्या ग्रहणात एडिंग्टनच्या मोहिमेने त्याच्याच बाजूने कौल दिला. म्हणजे चादर जे दाखवते ते खरं असलं तरी निम्मंच आहे, आणि तेही प्रकाशापुरतं. आंब्याच्या वाट्याला त्यातलं जवळजवळ काही येत नाही.

आणि ‘रबर’ हा पदार्थ तरी का? रबर लवचीक. १४ सप्टेंबर २०१५ला लायगोने पकडलेल्या लहरी दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघाल्या होत्या. त्यात तीन सूर्यांच्या वस्तुमानाइतकी ऊर्जा निमिषार्धात बाहेर पडली, आणि सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं लांब आपल्यापर्यंत आली तेव्हा तिने अवकाश ताणलं ते एकावर एकवीस शून्यांतल्या एका भागाएवढं. एवढी ऊर्जा ओतूनही जे इतकंच हलतं त्याला रबर म्हणणं म्हणजे सह्याद्रीच्या कातळाला गादी म्हणण्यासारखं आहे. हिंगोलीजवळ औंढा नागनाथला लायगो-इंडियाचा मोठा खटाटोप चाललाय तो हा कातळ किती कमी हलतो ते मोजण्यासाठीच.

चादरीऐवजी काय वापरायचं, असं तुम्ही विचाराल. लंडनहून सॅन फ्रान्सिस्कोला जाताना समोरच्या पडद्यावर विमानाची वाट ग्रीनलंडवरून गेलेली दिसते. वैमानिकाला ग्रीनलंडने ओढलेलं नसतं. तो सरळच जातोय. नकाशा सपाट असल्याने वाट वाकडी दिसते. पडणारा आंबा हा त्या विमानासारखा आहे, आणि ‘सपाट नकाशा’ म्हणजे सगळीकडे घड्याळं सारखीच चालतात ही आपली सवय. परदेशातल्या मराठी माणसाला तरी हे उदाहरण चादरीपेक्षा जवळचं वाटायला हरकत नाही.

आपल्या भाषेची इथे एक खास अडचण आहे. ‘गुरुत्वाकर्षण’ या शब्दात आकर्षण आधीच बसलंय, म्हणजे न्यूटनचा सिद्धांत शब्दातच शिवून ठेवलाय. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला पहिलाच धडा याच नावाचा. आइन्स्टाइनच्या मते तर आकर्षण नावाचं बलच नाही. नव्या मराठी लिखाणात ‘गुरुत्वीय लहरी’ म्हणतात, ‘गुरुत्वाकर्षणीय’ नाही, हे मला बरं वाटतं. जमेल तिथे नुसतं ‘गुरुत्व’ म्हणावं. व्हॉट्सअॅपवर ‘न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी भास्कराचार्यांनी’ हा निरोप फिरतो, तोही याच शब्दावर उभा आहे. भास्कराचार्यांनी ११५०च्या सिद्धांतशिरोमणीत पृथ्वीच्या आकर्षणशक्तीबद्दल लिहिलंय हे खरंच. पण वस्तू खाली ओढल्या जातात हे न्यूटनचं म्हणणं नव्हतंच मुळी. त्याचं म्हणणं असं: सफरचंद पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतं, चंद्र एका सेकंदात पृथ्वीकडे १.४ मिलिमीटरच्या आसपास ‘पडतो’, प्रमाण साधारण ३६०० ला १, आणि चंद्र पृथ्वीच्या ६० त्रिज्यांवर आहे. साठाचा वर्ग ३६००. ही चार आकड्यांची जुळणी म्हणजे १६८७चा पराक्रम. भास्कराचार्यांचं मोठेपण त्यांच्या गणितात भरपूर आहे, त्यांना दुसऱ्याचं पागोटं घालायची गरज नाही.

आता ‘दुबळं बल’. दोन प्रोटॉन घेतले तर त्यांच्यातलं विद्युत अपकर्षण हे गुरुत्वापेक्षा एकावर छत्तीस शून्यं इतक्या पटीने मोठं असतं. फ्रिजवरचं चुंबक अख्ख्या पृथ्वीविरुद्ध टाचणी उचलून धरतं. सगळं खरं. पण प्रोटॉनच का घेतले? गुरुत्वाची ताकद वस्तुमानावर अवलंबून असते, तेव्हा कुणाचं वस्तुमान घेणार हे आधी ठरवावं लागतं. निसर्गाचे तीन स्थिरांक (प्रकाशवेग, प्लांकचा स्थिरांक आणि न्यूटनचा G) एकत्र केले की एक नैसर्गिक वस्तुमान मिळतं: सुमारे २२ मायक्रोग्रॅम. वाळूचा एक बारीक कण. प्रोटॉनइतकाच भार असलेल्या अशा दोन कणांमध्ये गुरुत्वच १३७ पट जास्त बलवान ठरतं. मग ‘गुरुत्व इतकं दुबळं का’ हा प्रश्न उलटून ‘प्रोटॉन इतके हलके का’ असा होतो. फ्रँक विल्चेक यांनी हा मुद्दा फार सुंदर मांडलाय, आणि त्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर प्रबळ बलाच्या सिद्धांतात मिळतंही. मला विचाराल तर गुरुत्वाचं मूलभूत असणं त्याच्या ताकदीत शोधायचंच नाही. ते त्याच्या सर्वव्यापीपणात आहे. विद्युतभार नसलेले कण असतात, प्रबळ बल न जाणवणारे कण असतात. ऊर्जा असून गुरुत्वाला चुकवणारं काही मात्र आजवर सापडलेलं नाही.

तिसरं वाक्य सगळ्यात जास्त नुकसान करतं. ‘आइन्स्टाइन आणि क्वांटम यांचं जमत नाही’ हे ऐकलेला हुशार विद्यार्थी दोनपैकी एक निष्कर्ष काढतो: भौतिकशास्त्राचा पायाच कच्चा आहे, किंवा आता एखाद्या महान समीकरणाशिवाय काही खरं नाही. पहिल्यातून ‘आइन्स्टाइन चुकला’ छापाच्या ईमेल येतात. दुसऱ्यामुळे चांगली मुलं फळ्यापुढे बसून राहतात आणि प्रयोगशाळेचं दार उघडत नाहीत. हे जरा एकांगी आहे, मान्य. मी स्वतः अणूंच्या इंटरफेरोमीटरवर काम करतो, तेव्हा तेवढा पक्षपात धरून चाला.

वस्तुस्थिती अशी की रोजच्या ऊर्जांना दोघांचं छान जमतं. १९७५ साली कोलेला, ओव्हरहाउझर आणि वर्नर यांनी न्यूट्रॉनच्या तरंगाचे दोन भाग करून वेगवेगळ्या उंचीवरून नेले. गुरुत्वामुळे पडणारा फरक क्वांटमच्या गणिताप्रमाणेच निघाला. जॉन डोनोह्यू यांनी १९९४ साली दाखवलं की न्यूटनच्या नियमाला होणारी पहिली क्वांटम दुरुस्ती आज, आहे त्या साधनांनी काढता येते. ती इतकी सूक्ष्म आहे की मोजायची सोय नाही, पण उत्तर येतं, आणि त्यात विसंगती नाही. गणित हाताबाहेर जातं ते प्लांकच्या लांबीपाशी, म्हणजे मीटरचे एकावर पस्तीस शून्यं एवढे भाग केले तर त्यातल्या दीड-एक भागापाशी. तिथे आपल्याकडे सिद्धांत नाही हे खरं. कृष्णविवरात पडलेल्या माहितीचं काय होतं हा प्रश्नही खराच, आणि पोकळीच्या ऊर्जेचा सरळसोट अंदाज प्रत्यक्षापेक्षा सुमारे १२० शून्यांनी चुकतो हे तर लाजिरवाणं आहे. पण या अडचणी वेगवेगळ्या आहेत, आणि त्या सगळ्यांना ‘जमत नाही’ या एका पोत्यात भरलं की नेमकं काय कळलेलं नाही तेच कळेनासं होतं.

माझ्या मते यातली सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट फार साधी आहे: मधल्या पट्ट्यात आपण कधी गेलोच नाही. एकाच वेळी दोन ठिकाणी असल्यासारखं वागताना दाखवलेले मोठ्यात मोठे रेणू २०१९ साली व्हिएन्नात पंचवीस हजार अणुभारांच्या पुढे गेले. आणि ज्याचं स्वतःचं गुरुत्व मोजता आलं असा लहानात लहान स्रोत, तोही व्हिएन्नातच, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातला सोन्याचा गोळा, साधारण ९० मिलिग्रॅमचा. या दोघांमध्ये अठरा शून्यांची दरी आहे. वस्तू क्वांटमसारखी पसरलेली असताना तिचं गुरुत्व कुठून कुठे ओढतं, हे कुणी पाहिलेलंच नाही. २०१७ साली सोगातो बोस आणि सहकाऱ्यांनी, आणि त्याच वेळी मार्लेटो आणि वेद्रल यांनी सुचवलं की दोन सूक्ष्म गोळे केवळ गुरुत्वामुळे एकमेकांत क्वांटम अर्थाने गुंतले, तर गुरुत्व निव्वळ अभिजात असू शकत नाही. या निष्कर्षावर वाद चालू आहे, आणि तो चांगला वाद आहे. G हा स्थिरांकसुद्धा आपल्याला दहा लाखांत २२ भाग एवढ्याच अचूकतेने माहीत आहे. मूलभूत स्थिरांकांमध्ये इतका ढिला दुसरा क्वचितच असेल.

सोन्याच्या गोळ्यांचं ते मोजमाप नाताळाच्या सुटीत रात्री केलं होतं. शहरातली रहदारी कमी असते, आणि मिलिमीटरभर त्रिज्येच्या गोळ्याची ओढ मोजायची तर रस्त्यावरून जाणारं वाहनही फार मोठं असतं.