आम्ही तेथे होतो!

रसिकांनी सांगितलेल्या मैफलींच्या आठवणी हा मराठी वाचकांच्या विशेष जिव्हाळ्याचा विषय आहे. दि. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग केला आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच केशवराव निवर्तले. त्या एका रात्रीच्या हकिकती ऐकत आमच्या वडिलांची पिढी वाढली. ‘आमचे आजोबा त्या प्रयोगाला होते’ असे सांगणारी घरे आम्हांस इंदूर, देवास आणि ग्वाल्हेर या तिन्ही गावी भेटली. नाट्यगृह तर एकच होते आणि खुर्च्याही मोजक्याच असणार. तेव्हा या सर्व आजोबांची बसण्याची सोय कशी झाली असेल, असा प्रश्न आम्हांस लहानपणी पडे. परंतु तो विचारण्याची प्राज्ञा नव्हती.

हा जुना प्रश्न पुन्हा वर येण्यास दोन इंग्रजी पुस्तके कारण झाली. आमचा पुतण्या नोकरीनिमित्त इंग्लंडात मँचेस्टर येथे असतो. मागील दिवाळीस तो इंदूरला आला, तेव्हा ती आमच्या हाती देऊन म्हणाला, ‘काका, रॉक संगीत तुम्हांला आवडणार नाही, पण साक्षीदारांचे जबाब तुम्हांला आवडतील.’ राज्य शासनाच्या महसूल खात्यात आमची हयात गेली. जळिताचे पंचनामे, पुराच्या चौकशा, जमिनींचे तंटे यांत ऐकलेल्या जबाबांची गणती नाही. पुतण्याची पारख चुकली नाही. रॉक संगीत आम्हांस अद्यापही आवडत नाही. पुस्तके मात्र आम्ही दोन वेळा वाचली.

दोन्ही पुस्तकांचे घटनास्थळ एकच आहे: मँचेस्टरचा ‘फ्री ट्रेड हॉल’. ज्या मैदानावर १८१९ साली मताधिकार मागणाऱ्या निःशस्त्र जमावावर घोडदळ घालण्यात आले, त्याच जागी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही इमारत उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यात ती उद्ध्वस्त झाली, १९५१ साली पुन्हा उघडली, १९९६ पर्यंत प्रसिद्ध हॅले वाद्यवृंदाचे घर होती आणि आता तेथे हॉटेल आहे.

पहिले पुस्तक सी. पी. ली यांचे ‘लाइक द नाइट’ (१९९८). दि. १७ मे १९६६ रोजी बॉब डिलन या सभागृहात गायला. पूर्वार्धात तो एकटा, साधी गिटार व हार्मोनिका घेऊन गायला आणि श्रोते तल्लीन झाले. उत्तरार्धात तो विद्युत-गिटार घेऊन वादकांच्या संचासह आला आणि सभागृह दुभंगले. निषेधाच्या संथ टाळ्या सुरू झाल्या. शेवटच्या गाण्यापूर्वीच्या शांततेत एका श्रोत्याने ‘ज्यूडास!’ अशी आरोळी ठोकली. ज्यूडास म्हणजे येशूला दगा देणारा शिष्य. आपल्याकडे म्हणावयाचे तर घरभेदी. डिलनने त्यास खोटारडा ठरवले आणि साथीदारांना कडाडून वाजवण्यास फर्मावले. लोकगीतांच्या चळवळीने ज्याला आपला प्रवक्ता मानले, तो व्यापारी गोंगाटास विकला गेला, असा त्या आरोळीचा अर्थ आजवर लावण्यात आला आहे.

ली हे त्या रात्री सोळा वर्षांच्या आतबाहेरचे श्रोते म्हणून तेथे हजर होते. हे त्यांच्या पुस्तकाचे बळ आहे, तशी मर्यादाही. मँचेस्टरमधील लोकगीत-मंडळे, त्यांतील डाव्या विचारांचा सोवळेपणा, कोणते वाद्य शुद्ध आणि कोणते भ्रष्ट याविषयीचे वाद हे सारे ते आतल्या माणसाच्या जिव्हाळ्याने सांगतात. आपल्याकडे हार्मोनियमवरून झालेले रण ज्यांस ठाऊक आहे, त्यांस यात परके काही वाटणार नाही. परंतु जो स्वतः साक्षीदार आहे तो न्यायाधीशाच्या आसनावर बसला, की आपल्या स्मृतीस झुकते माप देणारच. ली यांनी हा मोह बराच आवरला आहे. पूर्णपणे आवरता येणे शक्य नव्हते.

या रात्रीचा पुरावा मात्र असामान्य आहे. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण झाले होते. ते चोरट्या तबकड्यांच्या रूपाने वर्षानुवर्षे हातोहात फिरले, तेही लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील म्हणून! १९९८ साली ते अधिकृतपणे प्रसिद्ध झाले, तेव्हासुद्धा मुखपृष्ठावर अल्बर्ट हॉलचे नाव अवतरणचिन्हांत ठेवावे लागले. कारण ती चूकच आता त्याची ओळख झाली होती. तबकडीवर आरोळी स्पष्ट ऐकू येते. एवढा पक्का पुरावा असूनही आरोळी ठोकणारा कोण, हे ठरत नाही. ‘तो मीच’ असे दोन वेगवेगळ्या गृहस्थांनी पुढे सांगितले. त्यांपैकी एकाचे म्हणणे तर असे, की आपला राग विद्युत-वाद्यांवर नसून ध्वनियोजना भिकार होती यावर अधिक होता. हे खरे मानल्यास तत्त्वनिष्ठेच्या त्या महानाट्याच्या मुळाशी एक वाईट लाऊडस्पीकर होता, असे म्हणण्याची पाळी येते. आमच्या अनुभवाने सांगतो, की पुष्कळ मोठ्या दंग्यांची मुळे अशीच निघतात.

दुसरे पुस्तक पत्रकार डेव्हिड नोलन यांचे ‘आय स्वेअर आय वॉज देअर’ (२००१), म्हणजे ‘शपथेवर सांगतो, मी तेथे होतो’. त्याच इमारतीत वरच्या बाजूस एक छोटे सभागृह होते. दि. ४ जून १९७६ रोजी तेथे ‘सेक्स पिस्टल्स’ या लंडनच्या पंक वाद्यमेळाचा कार्यक्रम झाला. हॉवर्ड डेव्होटो व पीट शेली या दोन तरुणांनी तो आपल्या हिमतीवर आयोजित केला होता. त्यांचा स्वतःचा ‘बझकॉक्स’ हा संच तयार नसल्याने पूर्वरंगास दुसराच संच बोलवावा लागला. तिकीट पन्नास पेन्स. उपस्थिती चाळीसच्या आसपास, असे साधारणपणे मानले जाते. पुढे मात्र ‘मी त्या रात्री तेथे होतो’ असे म्हणणाऱ्यांची संख्या इतकी वाढली, की त्यांच्यासाठी खालचे मोठे सभागृहही अपुरे पडावे!

नोलन यांची पद्धत चौकशी अधिकाऱ्याची आहे. कोण खरोखर हजर होते, कोण दि. २० जुलैच्या दुसऱ्या कार्यक्रमास आले आणि पुढे दोन्हींची गल्लत करू लागले, हे ते एकाचा जबाब दुसऱ्याच्या जबाबाशी ताडून पाहतात. दूरचित्रवाणीवरील नामांकित निवेदक टोनी विल्सन पहिल्या कार्यक्रमास हजर होते की नाही, याविषयीही एकमत नाही. ते स्वतः शेवटपर्यंत ‘होतो’ असेच सांगत. आम्हांस या पुस्तकातील सर्वांत विश्वसनीय वाटलेली हकिकत सर्वांत हास्यास्पद आहे. स्टीव्ह डिगल नावाचा तरुण दाराबाहेर भलत्याच माणसाची वाट पाहत उभा होता. वाद्यमेळाचे व्यवस्थापक माल्कम मॅक्लॅरेन यांनी, हा बझकॉक्सला हवा असलेला वादकच होय, असे समजून त्यास आत नेले. तो आत गेला आणि खरोखरच त्या संचाचा वादक झाला. अशी गोष्ट कोणी रचत नाही. रचलेल्या गोष्टीत योगायोगापेक्षा प्रतिभा अधिक असते.

तेथे असलेल्यांपैकी पीटर हूक व बर्नार्ड सम्नर यांनी पुढे ‘जॉय डिव्हिजन’ हा वाद्यमेळ उभारला. हूकने तर दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत घेतली. या श्रोत्यांच्या निवेदनांत एक गोष्ट आम्हांस प्रकर्षाने जाणवली: त्यांत संगीताविषयी फार थोडे आहे. आपला रसिक मैफल सांगू लागला, की राग, बंदिश, समेवर येण्याची ढब, दाद कोठे गेली, हे सांगतो. रॉकचा श्रोता सांगतो, ते त्याचे स्वतःचेच वृत्त असते. छातीवर आदळलेला आवाज, रिकाम्या खुर्च्या आणि ‘यांना जमते तर आपल्यालाही जमेल’ हा झालेला साक्षात्कार, इतकेच. प्रथम आम्हांस ही उणीव वाटली. आता तसे वाटत नाही. मोठ्या गवयापुढे श्रोता लहान होतो, हा आपल्या मैफलीचा धर्म आहे. त्या रात्री श्रोता वादकाच्या बरोबरीचा झाला. तेव्हा ज्या कलेचा परिणाम श्रोत्यावर असा झाला, तिची साक्ष श्रोत्याच्याच आयुष्यातून द्यावी लागणार.

येथेच नोलन यांच्याशी आमचा मतभेद आहे. या कार्यक्रमाने जग बदलले, असा त्यांच्या पुस्तकाचा सूर आहे. परंतु जे पुढे कीर्तिमान झाले त्यांच्या आठवणींवर भार टाकला, की ती रात्र थोर दिसणारच. जो श्रोता कार्यक्रम संपल्यावर बस पकडून घरी गेला आणि सकाळी कामावर हजर झाला, त्याच्या लेखी त्या रात्रीचे मोल काय? या दृष्टीने सर्वांत बोलका पुरावा तत्कालीन आहे. पुढे ‘द स्मिथ्स’चा गायक म्हणून गाजलेला मॉरिसी तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्याने त्याच महिन्यात एका संगीत-साप्ताहिकास पत्र लिहिले. त्यात जग बदलल्याचा मागमूसही नाही. एका अमेरिकन संचाशी केलेली तुलना, थोडी प्रशंसा आणि या मंडळींना बरे कपडे घेण्यापुरते पैसे मिळोत, अशी खोचक शुभेच्छा, बस्स. ताजी साक्ष ही अशी असते: काहीशी कोती, चिकित्सक आणि खरी. आठवणीला भव्यता येते ती मागाहून.

हे सर्व आम्ही न्यायासनावरून लिहीत आहोत, असे वाचकांस वाटत असेल. तसे नाही. पुस्तके परत देताना पुतण्याशी एका मैफलीचा विषय निघाला. १९८० नंतरच्या काही वर्षांत इंदुरात एका थोर गवयाची रात्रभर चाललेली मैफल झाली होती. तिचे वर्णन आम्ही मित्रमंडळींत कित्येकदा केले आहे. पहाटेचा ललत, डोळे मिटून बसलेले वृद्ध सारंगिये आणि समाप्तीनंतर टाळी वाजवण्याचे कोणासही न सुचणे. पुतण्या शांतपणे म्हणाला, ‘काका, बाबासुद्धा अगदी असेच सांगत. पण तुम्ही बरोबर होता, असे ते कधी म्हणाले नाहीत.’

आम्हांस प्रथम राग आला. रात्री जुनी ट्रंक उघडली. आम्ही त्या काळी झाबुआ जिल्ह्यात नायब तहसीलदार होतो. त्या आठवड्याच्या दौऱ्याच्या दैनंदिनीत आमचा मुक्काम एका आदिवासी खेड्यात दाखवलेला होता. दादांचे अंतर्देशीय पत्रही सापडले. त्यात ललत होता, सारंगियेही होते. शिवाय मायक्रोफोन दोनदा किंचाळला, मध्यंतरात चहा संपला आणि दादांच्या नव्या चपला चोरीस गेल्या, हेही होते. शेवटी लिहिले होते, ‘तू हवा होतास.’

चहा, चपला आणि मायक्रोफोन आमच्या वर्णनात कधीच नव्हते. चाळीस वर्षे आम्ही शुद्ध मैफल सांगत आलो. आणि ती शुद्ध होती, याचे कारण आम्ही तेथे नव्हतो. दादांना जाऊन अकरा वर्षे झाली. त्यांनी आमचे कथन अनेकदा ऐकले होते. एकदाही ते मध्ये बोलले नाहीत.

या अनुभवानंतर नोलन यांचे पुस्तक आम्ही दुसऱ्यांदा वाचले, तेव्हा खोट्या दावेदारांविषयीची त्यांची थट्टा आम्हांस पूर्वीइतकी रुचली नाही. लबाडीने हजेरी लावणारे काही असतात, हे खरे. परंतु पुष्कळांच्या बाबतीत दुसऱ्याने दिलेली आठवण इतक्या प्रेमाने सांभाळलेली असते, की ती कोणी दिली याचा विसर पडतो. चौकशी अधिकाऱ्याने हजेरीपट जरूर तपासावा. नोलन यांनी तो चोख तपासला आहे आणि त्याबद्दल त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. समीक्षकाने मात्र आणखी एक प्रश्न विचारावयास हवा: हा मनुष्य तेथे नव्हता, तर त्याला तेथे असावेसे का वाटले, आणि त्याला ती रात्र कोणी सांगितली? ली यांच्या पुस्तकात या प्रश्नाची जाणीव अस्पष्टपणे आहे; नोलन यांच्या पुस्तकात ती नाही. या एका कारणासाठी आम्ही ली यांचे पुस्तक अधिक मोलाचे मानतो.

ते पत्र आम्ही पुतण्याच्या स्वाधीन केले आहे. यापुढे त्या मैफलीचा विषय निघाला, तर ती आम्ही दादांच्या नावाने सांगू, आणि मायक्रोफोनसह सांगू.