सलाहुद्दीन कोणाचा? स्कॉट, शरर आणि उसामा

मध्ययुगात ख्रिस्ती आणि मुसलमान यांच्यात शाम व फलस्तीनच्या भूमीवर जी दोनशे वर्षे युद्धे चालली, त्यांना मराठीत 'धर्मयुद्धे' म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द आम्हांस नेहमीच खटकत आला आहे. मराठी मनात धर्मयुद्ध म्हटले की कुरुक्षेत्र उभे राहते. सूर्यास्तानंतर शस्त्र न उचलण्याचे नियम आठवतात. १५ जुलै १०९९ रोजी बैतुल मुकद्दस जिंकल्यावर फिरंगी फौजेने तेथील मुसलमान व यहुदी रहिवाशांची जी कत्तल केली, तिला या अर्थाने धर्मयुद्ध कसे म्हणावे? शिवाय 'क्रुसेड'चे भाषांतरही धर्मयुद्ध आणि 'जिहाद'चे भाषांतरही धर्मयुद्ध! दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या की वाचकाला काहीच कळत नाही. उर्दूत 'सलीबी जंगें' हा शब्द रूढ आहे. गंमत अशी, की त्या काळातल्या अरब लेखकांना हाही शब्द ठाऊक नव्हता. त्यांच्या लेखी आलेले लोक हे 'फ्रंज', म्हणजे फिरंगी होते. आले, लढले, राहिले आणि गेले. सलीबी हा शब्द अरबीत रुळला तो एकोणिसाव्या शतकात, युरोपच्या इतिहासग्रंथांशी परिचय झाल्यानंतर.

शब्दाची ही गोष्ट मुद्दाम सांगितली, कारण ज्या नायकाबद्दल आम्हांला लिहायचे आहे त्याचीही कथा बरीचशी अशीच आहे. सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी हे नाव आपल्या घराघरांत परिचित आहे. मुलांची नावे ठेवली जातात, जलशांत तकरीर करणारे मौलाना त्यांचा दाखला देतात, उर्दू वाचणाऱ्या घरात त्यांच्यावरची एखादी जाडजूड कादंबरी असतेच. परंतु हा सलाहुद्दीन आपल्यापर्यंत आला कोणत्या वाटेने? इब्न शद्दादसारख्या त्यांच्या काझीने लिहिलेल्या चरित्रातून थेट आला, असे समजणे भाबडेपणाचे होईल. तो आला लंडनमार्गे, आणि तेथून लखनौला उतरून.

सर वॉल्टर स्कॉट यांची 'द टॅलिस्मन' ही कादंबरी १८२५ साली प्रसिद्ध झाली. आपल्याकडे या कादंबरीचे दोन प्रकारे मूल्यमापन होते. काहीजण म्हणतात, पाहा, गोऱ्या लेखकानेही आमच्या सुलतानाचा मोठेपणा मान्य केला. दुसरे म्हणतात, यात इस्लामची बदनामी आहे. आमच्या मते दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि म्हणूनच कादंबरी काळजीपूर्वक वाचायला हवी. स्कॉटचा सलाहुद्दीन हकीमाचा वेष घेऊन आजारी रिचर्डच्या तंबूत येतो आणि त्याला बरे करतो. तो उदार आहे, हुशार आहे, त्याच्या तलवारीची धार अशी की हवेत भिरकावलेला तलम कपडाही कापला जावा. रिचर्ड मात्र लोखंडी दांडा तोडून बळ दाखवतो. प्रसंग वाचताना मन खूश होते हे आम्ही नाकारत नाही. पण त्याच कादंबरीच्या सुरुवातीला हाच सुलतान वेषांतर करून वाळवंटात एका स्कॉटिश सरदाराला भेटतो आणि आपले कुर्दी कुळ जिन्नांपासून झाले असे अभिमानाने सांगतो. एवढेच नव्हे तर अहरिमनचे, म्हणजे दुष्ट शक्तीचे स्तवनही गातो! कोणता मुसलमान, तोही सलाहुद्दीनसारखा नमाजी, असे गाणे गाईल? स्कॉटने पुढे प्रस्तावनेत स्वतःच कबूल केले की पूर्वेकडील देशांची आपल्याला फारशी ओळख नाही. कबुली प्रामाणिक आहे. पण कादंबरी वाचणाऱ्या लाखोंपैकी प्रस्तावना किती जण वाचतात?

आता लखनौकडे येऊ. मौलाना अब्दुल हलीम शरर (१८६०–१९२६) यांनी १८८७ मध्ये 'दिलगुदाज' हे मासिक सुरू केले. स्कॉटची ही कादंबरी वाचून ते अस्वस्थ झाले आणि त्यांनी तिला उत्तर म्हणून 'मलिकुल अझीझ वर्जिना' लिहिली. १८८८ साली ती 'दिलगुदाज'मधून प्रसिद्ध झाली. उर्दूतील पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून ती ओळखली जाते. अर्थात हत्यार स्कॉटचेच होते. ऐतिहासिक कादंबरी हा प्रकारच त्यांनी त्याच्याकडून घेतला, आणि त्याच प्रकारात त्याला जाब दिला. इंग्रजांच्या राज्यात, १८५७ नंतरच्या पराभूत वातावरणात, एका मौलवीने हे करावे याला धाडस लागते. शररांच्या या धाडसाबद्दल आमच्या मनात आदर आहे. त्यांची भाषाही तशीच. 'गुजिश्ता लखनौ' लिहिणाऱ्या या माणसाची उर्दू आजही वर्गात वाचून दाखवावी अशी आहे.

पण उत्तर म्हणून ही कादंबरी कशी आहे? येथे आमचे मत वेगळे आहे. तिचा नायक अझीझ हा सलाहुद्दीनचा मुलगा आणि नायिका वर्जिना ही फिरंगी राजघराण्यातील ख्रिस्ती मुलगी. ती मुस्लीम राजपुत्राच्या प्रेमात पडते. स्कॉटमध्ये सुलतान रिचर्डच्या नात्यातील एडिथचा हात मागतो आणि ती मिळते ख्रिस्ती सरदाराला. शररांनी पारडे उलटे केले. थोडक्यात, तिकडे त्यांनी आपल्याला मुलगी दिली नाही म्हणून इकडे आपण त्यांची मिळवली. हे साहित्य आहे की हिशेब?

मूळ घटना मात्र इतिहासात आहे आणि ती या दोन्ही कादंबऱ्यांपेक्षा रसाळ आहे. ११९१ मध्ये रिचर्डने तहाच्या बोलण्यात खरोखर एक प्रस्ताव पाठवला होता. आपली बहीण जोन, जी सिसिलीच्या राजाची विधवा होती, तिचा विवाह सलाहुद्दीनचे बंधू अल-आदिल यांच्याशी करावा आणि दोघांनी बैतुल मुकद्दसमध्ये राज्य करावे! सुलतानांनी लगेच होकार कळवला. इब्न शद्दाद लिहितात की त्यांना हा रिचर्डचा डाव वाटत होता. पुढे समजले की बहिणीने संतापून साफ नकार दिला. मुसलमानाशी लग्न ती करणार नव्हती. मग अल-आदिल यांनीच ख्रिस्ती व्हावे असे सुचवले गेले आणि प्रकरण तेथेच संपले. या सगळ्या खेळात एकच माणूस खरे बोलला, ती जोन. दोन्ही पुरुष राजकारण करत होते. तिचा तो नकार स्कॉटनेही घेतला नाही आणि शररांनीही नाही. दोघांनाही स्त्री हवी होती ती विजयाचे चिन्ह म्हणून. आमच्या मते दोन्ही कादंबऱ्यांची खरी उणीव ही आहे, धर्माबद्दलचे गैरसमज नव्हेत.

आणि नायक म्हणून निवडला तो मलिक अल-अझीझ तरी कोण? इतिहासातला अल-अझीझ उस्मान वडिलांनंतर मिसरचा सुलतान झाला आणि ११९८ मध्ये वारला. त्याची एक आठवण अशी की त्याने गीझाचे पिरॅमिड पाडायला मजूर लावले. आठ महिने खपूनही तिसऱ्या, लहान पिरॅमिडला एक खाच पडण्यापलीकडे काही झाले नाही. ती खाच आजही दिसते. असो.

शररांचे पुढचे लेखन पाहिले तर त्यांनाही या वाटेची मर्यादा जाणवली असावी असे वाटते. १८९९ मधल्या 'फिर्दौस-ए-बरीं' या कादंबरीत त्यांनी आलमूतच्या बातिनींची कथा घेतली. तेथे कोणी फिरंगी शत्रू नाही. श्रद्धेच्या नावाखाली एका साध्या तरुणाच्या हातात खंजीर कसा दिला जातो आणि स्वर्गाच्या आशेने तो आपल्याच आदरणीय बुजुर्गाचा खून कसा करतो, हे शररांनी दाखवले. कादंबरी शत्रूकडून वळून आपल्या घराकडे पाहू लागली. उर्दू कादंबरीत शरर टिकले ते या पुस्तकामुळे. 'मलिकुल अझीझ वर्जिना' आता अभ्यासक्रमात नाव सांगण्यापुरती उरली आहे.

दुर्दैव असे की नंतरच्यांनी शररांचे पहिले पुस्तक गिरवले, दुसरे नाही. नसीम हिजाझी आणि त्यांच्यामागून आलेले लोकप्रिय लेखक यांच्या कादंबऱ्या आमच्या विद्यार्थ्यांच्या घरीही असतात. अल्तमश यांची 'दास्तान ईमान फरोशों की' तर खंडच्या खंड वाचली जाते. तिच्यात सुलतानांच्या विरुद्ध सुंदर फिरंगी हेर स्त्रियांची रांगच लागलेली. नववी-दहावीची मुले ते इतिहास म्हणूनच वाचतात. आम्ही वाचू नका म्हणत नाही. वाचनाची गोडी अशाच पुस्तकांतून लागते. पण वाचल्यावर मूल विचारते, "सर, हे खरंच झालं होतं का?" तेव्हा शिक्षकाजवळ उत्तर हवे.

येथे मराठी वाचकाला एक गोष्ट सहज कळेल. गुंजीकरांच्या 'मोचनगड'पासून (१८७१) आणि हरिभाऊ आपट्यांपासून मराठी ऐतिहासिक कादंबरीही स्कॉटच्याच सावलीत वाढली. त्या परंपरेतल्या कित्येक कादंबऱ्या वाचताना मुसलमान मुलाला जे टोचते, तेच शररांना 'टॅलिस्मन' वाचताना टोचले होते. तेव्हा शररांचा राग आपण चांगला समजू शकतो. पण त्या रागाचे उत्तर तसाच आरसा उलटा धरणे हे असेल, तर एखाद्या ख्रिस्ती मुलाला 'वर्जिना' वाचताना काय वाटेल, हाही प्रश्न आपणच विचारायचा आहे.

सलाहुद्दीनचा मोठेपणा सिद्ध करायला कल्पनेची गरजच नाही. २ ऑक्टोबर ११८७ रोजी त्यांनी बैतुल मुकद्दस घेतले तेव्हा १०९९ ची पुनरावृत्ती झाली नाही. पुरुषामागे दहा दीनार, स्त्रीमागे पाच अशी खंडणी भरून लोक बाहेर पडले. परंतु त्याच इतिहासात हेही आहे की ज्यांच्याकडे पैसे नव्हते असे हजारो गुलामीत गेले. सुलतानांचे कातिब इमादुद्दीन हा आकडा पंधरा हजारांच्या आसपास सांगतात. आणि अल-आदिल यांनी एक हजार गुलाम मागून घेतले व त्यांना मुक्त केले. हित्तीनच्या लढाईनंतर शरण आलेल्या टेम्पलर व हॉस्पिटलर सरदारांना ठार केले गेले, तसे ११९१ मध्ये अक्काबाहेर रिचर्डने सुमारे २७०० मुस्लीम कैदी कापले. यातले अर्धे सांगून अर्धे लपवणारा माणूस सलाहुद्दीनचा चाहता असेल, वाचक नव्हे. त्यांच्या छावणीत एक फिरंगी आई रडत आली, तिचे तान्हे बाळ चोरीला जाऊन बाजारात विकले गेले होते. सुलतानांनी ते शोधून, किंमत देऊन तिला परत केले आणि स्वतः रडले. हा प्रसंग इब्न शद्दाद यांनी लिहून ठेवला आहे. ४ मार्च ११९३ ला ते वारले तेव्हा खजिन्यात सत्तेचाळीस दिरहम आणि एक सोन्याचे नाणे होते. हे वाचल्यावर हवेतला रेशमी कपडा कापण्याचे काय कौतुक?

आमचे मत विचाराल तर या सगळ्या काळावरचे सर्वात जिवंत पुस्तक उसामा इब्न मुनकिज यांचे 'किताबुल इतिबार' होय. उसामा १०९५ मध्ये शैझरच्या किल्ल्यात जन्मले. त्याच वर्षी पोप अर्बनने क्लेर्मोंत येथे युद्धाची हाक दिली. ११८८ मध्ये, बैतुल मुकद्दस परत मिळालेले पाहून, ते दमिश्कमध्ये वारले. संपूर्ण आयुष्य या युद्धात गेले. म्हातारपणी त्यांनी आठवणी सांगितल्या. ते हस्तलिखित १८८० मध्ये स्पेनच्या एस्कोरियल ग्रंथालयात सापडले, म्हणजे स्कॉटला ते मिळणे शक्यच नव्हते.

उसामांच्या लिखाणाला क्रम नाही. शिकार, सिंह, लढाई, आजी, घोडे, हकीम, सगळे एकमेकांत मिसळलेले. फिरंग्यांचा उल्लेख आला की त्यांच्या तोंडून शाप निघतो, आणि पुढच्याच पानावर एका फिरंग्याला ते मित्र म्हणतात. मस्जिदे अक्सात टेम्पलर मंडळी राहत. ती त्यांची दोस्त. ते गेले की नमाजासाठी जागा रिकामी करून देत. एकदा युरोपहून नवा आलेला कोणी फिरंगी नमाजात असलेल्या उसामांना धरून पूर्वेकडे वळवू लागला. टेम्पलरांनी त्याला हाकलले आणि माफी मागितली की हा परका आहे, नवा आहे. अख्ख्या सलीबी काळाबद्दल या एका प्रसंगात जे कळते ते जाड कादंबऱ्यांत मिळत नाही: शत्रू आणि शेजारी यांत फरक करायला दोन्ही बाजूंना काही वर्षे लागत होती.

फिरंगी वैद्याने पायाच्या गळवावर इलाज म्हणून कुऱ्हाडीने पाय तोडायला लावला व रोगी जागीच गेला, हा किस्सा सर्वजण उद्धृत करतात. तो आपल्या अभिमानाला सोयीचा आहे. पण उसामा तेथेच थांबत नाहीत. लगेच पुढे दुसऱ्या एका फिरंगी वैद्याने सिरक्याने चिघळलेला पाय बरा केल्याचे आणि मुलाच्या मानेवरच्या गाठींचा गुणकारी इलाज सांगितल्याचेही लिहितात. उद्धृत करणारे हे भाग गाळतात. एका फिरंगी सरदाराने, भाऊ मानून, त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलाला शहाणपण शिकायला आपल्या देशी पाठवा असे सुचवले. उसामांना वाटले, कैद झाला असता तरी याहून वाईट नसते. पण तोंडाने म्हणाले, "त्याच्या आजीचा फार जीव आहे, तिने शपथ घातली आहे." भिडस्त मुसलमान घरातला कोणीही या उत्तरावर हसेल.

उसामा निःपक्षपाती नाहीत. फिरंगी म्हणजे शौर्य सोडले तर जनावरे, असे ते सरळ लिहितात. फिरंगी स्त्रियांबद्दलचे त्यांचे किस्से ऐकीव आणि काहीसे चावट आहेत, त्यांवर फारसा विश्वास ठेवू नये. पण त्यांचा पूर्वग्रह उघडा आहे, आणि डोळे त्याहून उघडे आहेत. मिसरहून त्यांचे कुटुंब जहाजाने येत असता, अभयपत्र असूनही, अक्काजवळ फिरंगी राजाच्या माणसांनी ते लुटले. दागिने गेले, पैसे गेले. बायकामुले सुखरूप पोहोचल्यावर मालाचे दुःख राहिले नाही, असे उसामा सांगतात. एक दुःख मात्र त्यांनी मरेपर्यंत विसरले नाही: त्या जहाजात त्यांची चार हजार पुस्तके होती.