‘नेता’ पेशीचा शोध आणि स्पर्शाचा विसर : एव्हलिन फॉक्स केलर यांच्या एका निबंधाची चिकित्सा

प्रस्तावना :

विज्ञानाची भाषा तटस्थ असते, हा समज विज्ञान शाखेइतकाच वाङ्मय शाखेतही दृढ आहे. या समजाला छेद देणाऱ्या अभ्यासकांमध्ये एव्हलिन फॉक्स केलर (१९३६-२०२३) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. ‘रिफ्लेक्शन्स ऑन जेंडर अँड सायन्स’ या त्यांच्या १९८५ च्या ग्रंथात स्लाइम मोल्डवरील एक छोटा निबंध आहे. तो प्रथम १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. केलर यांनी त्यात मांडलेला आक्षेप कितपत टिकतो आणि तो कोठे अपुरा पडतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निबंधाची पार्श्वभूमी :

डिक्टिओस्टेलियम डिस्कॉयडियम या जातीचे वर्णन केनेथ रेपर यांनी १९३५ मध्ये केले. मराठीत या सजीवांना ‘श्लेष्मबुरशी’ म्हणण्याचा प्रघात असला तरी ही बुरशी नव्हे. मातीतील जिवाणू खाऊन एकेकट्या जगणाऱ्या या अमिबासदृश पेशी आहेत. अन्न संपले की त्या एकत्र येतात. एका पुंजक्यात त्यांची संख्या लाखापर्यंत जाऊ शकते. सुमारे २४ तासांत त्या पुंजक्यातून एक बारीक देठ व त्यावर बीजाणूंचा गोळा उभा राहतो. साधारण एक पंचमांश पेशी देठ होऊन मरतात, उरलेल्या बीजाणू होतात.

या पेशींना एकत्र कोण बोलावते? पेशींतून पाझरणाऱ्या रासायनिक द्रव्यामुळे हे घडते, असे जॉन टायलर बॉनर यांनी १९४७ मध्ये दाखवले. त्या द्रव्याला त्यांनी ‘अक्रासिन’ म्हटले. या नावामागे स्पेन्सरच्या ‘द फेअरी क्वीन’ या काव्यातील पुरुषांना भुलवणारी मायाविनी अक्रेसिया आहे. रूपकाचा शिरकाव असा नामकरणापासूनच झालेला दिसतो. डिक्टिओस्टेलियममधील हे द्रव्य म्हणजे सायक्लिक एएमपी, हे १९६७ मध्ये निश्चित झाले. पेशी ते दर काही मिनिटांनी सोडतात. शेजारची पेशी ते ग्रहण करून स्वतःही सोडते आणि उगमाच्या दिशेने सरकते.

केलर यांचा आक्षेप :

केलर व ली सेगल यांनी १९७० मध्ये या घटनेचे गणिती प्रारूप मांडले. सर्व पेशी सारख्याच असल्या, कोणीही विशेष नसली, तरी द्रव्याची निर्मिती आणि त्याकडे होणारी ओढ एका मर्यादेपलीकडे गेली की समान विखुरलेली स्थिती अस्थिर होते व पुंजके आपोआप बनतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. अभ्यासकांना मात्र पहिला संकेत देणारी खास ‘पेसमेकर’ पेशी गृहीत धरणे अधिक सोयीचे वाटले. असा पुढारी असल्याचा भक्कम पुरावा नसतानाही ती कल्पना सहज का स्वीकारली गेली, हा निबंधाचा मूळ प्रश्न आहे. एका केंद्राकडून इतरांकडे जाणारी आज्ञा, हे कार्यकारणाचे चित्र आपल्याला आधीपासून पटलेले असते, असे केलर यांचे उत्तर आहे.

हे उत्तर देणारी व्यक्ती वादातील एक पक्ष आहे, हे विसरता येत नाही. तरीही निबंधाचा सूर तक्रारीचा होत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू होय. २०१० मध्ये थॉमस ग्रेगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत पेशींतील सायक्लिक एएमपीचे प्रत्यक्ष मापन केले. स्पंदनांचा आरंभ एखाद्या ठरावीक पेशीतून नव्हे, तर समूहातूनच होतो, असे त्यातून दिसले. केलर यांची शंका रास्त होती.

मात्र वर्गात हा निबंध शिकवताना ‘केंद्र ही केवळ पुरुषी कल्पना’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. बशीतील पेशींवर संकेतांच्या सर्पिल लाटा व त्यांची केंद्रे स्पष्ट दिसतात. केलर यांचा प्रश्न केंद्र आहे की नाही असा नसून ते कारण आहे की परिणाम, असा आहे.

निबंधात न आलेला स्पर्श :

निबंधाची खरी उणीव निराळी आहे. केलर यांचे सारे लक्ष संकेतावर आहे. जवळ आलेल्या पेशी एकमेकींना चिकटतात कशा, हा प्रश्न त्यात येतच नाही. त्यांच्या समीकरणांतील पेशींना आकारमान नाही, म्हणून ठरावीक स्थितीत घनता अनंताकडे धावते. ज्यांना अंगच नाही त्यांचा एकमेकींना अडथळा कसा होणार! जर्मनीत ग्युंथर गेरिश यांनी मात्र १९६० च्या दशकापासून पेशींच्या पृष्ठभागावरील ‘संपर्कस्थळां’चा शोध घेतला होता. कॅल्शियम काढून घेतले तरी न तुटणारी एक पकड त्यांना आढळली. ती जीपी८० या प्रथिनाची असल्याचे पुढे कळले. या प्रथिनाची निर्मितीही सायक्लिक एएमपीच्या स्पंदनांनीच वाढते. हाक आणि मिठी या दोन वेगळ्या घटना नाहीत.

याच प्रथिनाने नव्या रूपकाला वाट करून दिली. डेव्हिड क्वेलर, जोन स्ट्रासमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये जीपी८० नसलेल्या पेशी मूळ पेशींत मिसळल्या. अगारच्या गुळगुळीत थरावर उणीव असलेल्या पेशी बीजाणूंत अधिक वाटा मिळवतात, म्हणजे प्रचलित परिभाषेत त्या ‘फसवणाऱ्या’ ठरतात. मातीत मात्र त्याच पेशी पुंजक्यापर्यंत कमी प्रमाणात पोहोचतात. चिकटपणा नसल्याने मागे पडतात. जनुक तेच, पेशी त्याच; बदलला तो केवळ पायाखालचा पृष्ठभाग. हे त्या संशोधकांनीच प्रामाणिकपणे नोंदवले आहे.

‘नेता’ हा शब्द मागे पडला आणि ‘परोपकारी’ व ‘फसवा’ हे शब्द रूढ झाले. केलर यांची कसोटी त्यांना अद्याप पुरेशी लावली गेलेली नाही. २०११ मध्ये टीजीआर-बी१ व टीजीआर-सी१ या प्रथिनांच्या जोड्या जुळल्या तरच पेशी परस्परांना आपले मानतात, असे दाखवले गेले. तेथेही ‘आप्त’ हा शब्द आलाच. प्रथिनाची जुळणी हे निरीक्षण आहे. आप्तपणा हे त्याचे वाचन आहे, आणि ते वाचन कोणत्या पृष्ठभागावर केले, हे दर वेळी विचारावे लागते.