मस्तक नाही, म्हणून बळी?

तेर म्हणजे प्राचीन तगर. धाराशिव जिल्ह्यातील या गावी लज्जागौरीच्या छोट्या मूर्ती मिळाल्या आहेत. गुडघे फाकवून बसलेली आणि अनेकदा मस्तक नसलेली ही देवी पाहून सहलीतले मूल विचारते, "हिचं डोकं कुणी कापलं?" बरोबरचे मोठेही सांगून टाकतात : ही नरबळीची खूण, किंवा परशुरामाने मारलेली रेणुका. तुळजापूरचा नवरात्रातील अजाबळी ठाऊक असलेल्यांना हे सहज पटते. आम्हाला मात्र हा अर्थ घाईचा वाटतो.

याच देवीच्या इतर मूर्ती पाहू. बदामीजवळच्या नागनाथकोळ येथील मूर्तीला मस्तकाच्या जागी कमळ आहे. म्हणजे तेथे मस्तक तुटलेले नाही. शिल्पकाराने ते मुळातच घडवलेले नाही. शस्त्र नाही, मारणाराही नाही. नागार्जुनकोंड्याच्या मूर्तीचा वरचा भाग नाहीसा झाला आहे, पण तिच्यावर तिसऱ्या शतकातला लेख आहे. मूर्ती करवून घेणारी इक्ष्वाकू राणी त्यात स्वतःला सौभाग्यवती आणि जिचा पुत्र जिवंत आहे अशी म्हणवते. हा सूर बळीचा नाही, भरल्या घराचा आहे.

अभ्यासकांतही एकमत नाही. स्टेला क्रॅमरिश यांनी १९५६ मध्ये तिला वेदांतील अदिती मानले, रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' (१९७८) या ग्रंथात रेणुका-यल्लम्माशी तिचे नाते जोडले. पण दोघांचाही रोख सर्जनाकडे आहे. रेणुकेचे नाव आले म्हणजे शिरच्छेद सिद्ध झाला, असे नव्हे.

उलट उदाहरण मध्य अमेरिकेतील माया लिपीचे. तिच्यातील कुऱ्हाडीचे चिन्ह 'तोडणे' असे वाचतात, ते केवळ आकारावरून नव्हे. त्याला जोडून येणारे अक्षरचिन्ह उच्चार सुचवते आणि तेच वाचन अनेक लेखांत लागू पडते. तरीही ते चिन्ह कधी राजाच्या शिरच्छेदासाठी येते, तर कधी नगरावरील हल्ल्यासाठी. जेथे लिपी वाचता येते तेथे एवढी सावधगिरी, मग तेरच्या मूक मूर्तीबाबत ती किती हवी!

म्हणून शिक्षकांनी उत्तर देण्याआधी मुलांनाच मान नीट पाहायला सांगावे. कड ओबडधोबड, तुटलेली आहे की गुळगुळीत, घडवलेली? मुलांनी ती वहीत काढावी. बळीचा प्रश्न त्यानंतरचा.